अजिंठ्याच्या अंधारात फोकस

मंडळी, या शनिवारचा विषय कॅमेऱ्याचा आहे, पण सुरुवात धुळ्यापासून करावी लागेल.

गेल्या डिसेंबरात मावसबहिणीच्या लग्नासाठी धुळ्याला गेलो होतो. हळदीची रात्र, साडेनऊ-दहाची वेळ, मंडप ऐन रंगात आलेला, आणि लाईट गेली. दोन इमर्जन्सी दिवे आणि पाच-पंचवीस मोबाईलचे टॉर्च एवढ्यावर कार्यक्रम पुढे सुरू. मी दोनच महिन्यांपूर्वी घेतलेला कॅमेरा मोठ्या ऐटीत काढला, बहिणीच्या चेहऱ्यावर धरला आणि बटण अर्धं दाबलं. लेन्स 'घुंऽऽ' करत पुढे गेली, मागे आली, परत पुढे गेली. फोटो काही पडेना. मागून मावशी अहिराणीत विचारतेय, "फोटू निंघना का रे भाऊ?" निघाला एकदाचा. मागच्या खांबावरची झेंडूची माळ त्यात खणखणीत आली होती, पाकळी न् पाकळी मोजून घ्या. बहिणीचा चेहरा मात्र पावसातल्या खिडकीतून पाहिल्यासारखा.

लग्न लागलं, आम्ही जळगावला घरी आलो. दोन दिवसांनी पप्पांना घेऊन अजिंठ्याला गेलो. लेणी आता छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात मोडतात, पण आम्हा जळगावकरांना ती आमचीच वाटतात. घरापासून साठेक किलोमीटर, आणि लेण्यांसमोरून वाहणाऱ्या वाघूरचं पाणी शेवटी आमच्याच तापीला मिळतं. पप्पा भुसावळला रेल्वेत होते, गेल्या वर्षी रिटायर झाले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशन संक्रांतीनंतर ठरलेलं. एक नंबरच्या लेण्यात शिरल्यावर पाचच मिनिटांत म्हणाले, "मला आत काही धड दिसत नाही रे. तू फोटो काढ, घरी टीव्हीवर बघू."

मी चौसष्ट फोटो काढले. आत फ्लॅशला बंदी आहे (योग्यच आहे), त्यामुळे फ्लॅश बंद. रात्री घरी टीव्हीला लॅपटॉप जोडला. पप्पांनी दहा-बारा फोटो शांतपणे पाहिले आणि मग जरा चाचरत विचारलं, "हे माझ्या डोळ्यांमुळे असं दिसतंय, की फोटोच असे आहेत?"

फोटोच तसे होते. चौसष्टच्या चौसष्ट.

आता आपण पडलो इंजिनिअर. बग दोनदा रिप्रोड्यूस झाला, एकदा धुळ्यात आणि एकदा अजिंठ्यात, म्हणजे रूट कॉज शोधणं आलं. कॅमेऱ्याच्या मॅन्युअलपासून सुरुवात केली आणि शोधत शोधत पोचलो थेट १८४४ सालात. म्हणून आजचा लेख इतिहासाचा.

१८४४ साली ईस्ट इंडिया कंपनीने मद्रासच्या फौजेतल्या रॉबर्ट गिल नावाच्या कॅप्टनला अजिंठ्याला पाठवलं. काम काय, तर भिंतीवरच्या चित्रांच्या मोठ्या कॅनव्हासवर नकला करायच्या. गिल तिथे जवळजवळ वीस वर्षं हेच काम करत राहिला. त्याची आणि पारोची गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. ना. धों. महानोरांनी त्यावर 'अजिंठा' हे दीर्घकाव्य लिहिलं आणि २०१२ साली त्यावरून सिनेमाही आला. पण माझा रस गिलच्या प्रेमकथेपेक्षा त्याच्या कॅमेऱ्यात होता. होय, कॅमेऱ्यात. चित्रं काढता काढता गिल फोटोग्राफीकडे वळला. १८६४ साली जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह 'द रॉक-कट टेंपल्स ऑफ इंडिया' हे पुस्तक लंडनला निघालं, त्यात गिलने काढलेले ७४ फोटो आहेत.

हे फोटो बहुतांशी लेण्यांच्या दर्शनी भागांचे, खांबांचे आणि शिल्पांचे. आतल्या रंगीत चित्रांसाठी तो ब्रशच वापरत होता, आणि त्याला कारण होतं. त्या काळची पद्धत म्हणजे ओल्या कलोडियनची काच. काचेवर रसायन ओतायचं, ते ओलं असेपर्यंत फोटो घ्यायचा आणि लगेच डेव्हलप करायचा. दहा-पंधरा मिनिटांत सगळा खेळ. आजच्या हिशेबात त्या काचेचा आयएसओ एकच्या आसपास भरेल. आपण सहज ३२०० वर फोटो काढतो. शिवाय त्या काचेला जवळपास फक्त निळा प्रकाश कळायचा. लाल आणि पिवळं तिच्या लेखी काळंच. अजिंठ्याची चित्रं तर गेरूची आणि पिवळ्या मातीची! म्हणजे आत उजेड कमी, आणि जो आहे तोही काचेला न कळणाऱ्या रंगांचा.

आणि फोकस? ऑटोफोकस सोडाच, साधं बघायची मारामार. कॅमेऱ्याच्या मागच्या घासलेल्या काचेवर उलटी प्रतिमा पडायची, ती डोक्यावर काळं कापड घेऊन बघायची. अंधाऱ्या जागी त्या काचेवर काहीच दिसत नाही. यावर जुन्या फोटोग्राफर लोकांची एक युक्ती होती. ज्या वस्तूचा फोटो घ्यायचा तिथे एक पेटती मेणबत्ती ठेवायची, ज्योत टोकदार दिसेपर्यंत लेन्स पुढे-मागे करायची, मग मेणबत्ती काढून घ्यायची. ही युक्ती लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गिलचा कॅमेरा स्टिरिओ होता. म्हणजे त्याला शेजारी शेजारी दोन लेन्स. दोन्हींतून एकाच वेळी दोन फोटो निघायचे, जरा वेगवेगळ्या कोनांतून. ते दोन फोटो खास चष्म्यातून पाहिले की खांब पुढे आणि भिंत मागे अशी खोली दिसते. आपले दोन डोळे हेच करतात. अंगठा समोर धरा आणि एकेक डोळा आलटून पालटून मिटा, अंगठा इकडे-तिकडे उडी मारतो. अंगठा जवळ असेल तर उडी मोठी, लांब असेल तर छोटी. उडी मोजली की अंतर कळलं.

ऑटोफोकसचं सगळं गणित या उडीत आहे. म्हणून मला हसू आलं. अजिंठ्यात माझा ऑटोफोकस फसला, आणि त्याचं मूळ तत्त्व दीडशे वर्षांपूर्वी त्याच डोंगरात गिलच्या तिपाईवर उभं होतं!

मधला इतिहास पटकन सांगतो. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या हनीवेल कंपनीत नॉर्मन स्टॉफर या इंजिनिअरने 'व्हिझिट्रॉनिक' नावाचं एक मॉड्यूल तयार केलं. त्यात दोन छोटे आरसे एकाच दृश्याच्या दोन प्रतिमा घ्यायचे आणि एक चिप त्या जुळतात का ते बघायची. हे मॉड्यूल घालून जपानच्या कोनिकाने १९७७ साली सी-३५ एएफ हा कॅमेरा काढला. ऑटोफोकस असलेला हा बाजारात आलेला पहिला कॅमेरा. १९८५ साली मिनोल्टाचा ७००० आला आणि एसएलआर कॅमेऱ्यांत ऑटोफोकस रुळला. त्यात लेन्सच्याच डाव्या आणि उजव्या कडेने येणारा प्रकाश वेगळा करून दोन प्रतिमा बनवतात आणि त्यांच्यातली उडी मोजतात. यालाच फेज डिटेक्शन म्हणतात. पुढे हनीवेलने मिनोल्टावर पेटंटचा दावा लावला आणि १९९२ साली मिनोल्टाला बारा कोटी डॉलरच्या वर रक्कम मोजावी लागली. २०१३ साली कॅननने ७०-डी मध्ये सेन्सरच्या प्रत्येक पिक्सेलचेच दोन भाग केले. गिलकडे दोन लेन्स होत्या, आता एकेका पिक्सेलला दोन डोळे.

एक वेगळी वाटही होती. १९७८ साली पोलरॉईडने ध्वनीवर चालणारा ऑटोफोकस आणला. कॅमेरा आवाजाची लहर सोडायचा, ती आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढायचा. हा कॅमेरा गुडुप अंधारातही फोकस करायचा. फक्त मध्ये काच आली की फसायचा, कारण आवाज काचेवरूनच परत यायचा. ही पद्धत अजिंठ्यात फार आधीपासून वापरात आहे. तिथली वटवाघळं रोज रात्री तेच करतात :)

तर रूट कॉज. दोन प्रतिमा जुळवायच्या म्हणजे चिपला काहीतरी खूण पाहिजे. उजेड आणि अंधार यांची एखादी कड, एखादी रेघ. भरदुपारी कॅमेरा कोऱ्या पांढऱ्या भिंतीवर धरून बघा, उजेड भरपूर असूनही तो चाचपडेल, कारण जुळवायला काही नाहीच. अंधारात उलटं होतं. कड असते, पण तिचा सिग्नल इतका बारीक की सेन्सरच्या नॉईजमध्ये बुडून जातो. लॉगमध्ये एक एरर शोधायची आहे आणि भोवती लाखभर फालतू ओळी पडताहेत, तसं. मग काही कॅमेरे दुसऱ्या पद्धतीवर जातात, तिला कॉन्ट्रास्ट डिटेक्शन म्हणतात. ही जुन्या रेडिओसारखी. स्टेशन लागलं की नाही ते काटा पुढे नेऊन परत मागे आणल्याशिवाय कळत नाही. ते 'घुंऽऽ' त्याचंच.

धुळ्यात हेच झालं. हळद लावलेला चेहरा म्हणजे मंद उजेडात एकसारखा पिवळा पृष्ठभाग, त्यात कड कुठली मिळणार? मागच्या माळेवर नेमका कोणाच्या तरी टॉर्चचा झोत होता. कॅमेऱ्याने जिथे खूण सापडली तिथे फोकस केला. त्याच्या दृष्टीने त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

अजिंठ्यात आणखी एक भर. माझी लेन्स झूम केल्यावर एफ ५.६ ची. बहुतेक कॅमेरे ऑटोफोकस करताना लेन्स पूर्ण उघडी ठेवतात, त्यामुळे फोटोसाठी आपण कुठलाही एफ ठेवला तरी फोकससाठी मिळणारा उजेड लेन्सच्या कमाल उघडण्यावर ठरतो. एफ २.८ च्या लेन्सच्या तुलनेत माझ्या कॅमेऱ्याला चौथा हिस्साच उजेड मिळत होता.

आणि पप्पांच्या डोळ्यांचंही जवळपास हेच. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांशी बोलताना कळलं की मोतीबिंदूत उजेड पसरतो, त्यामुळे कडा फिक्या पडतात आणि मंद उजेडात गोष्टी एकमेकींत मिसळून जातात. एकाच लेण्यात आम्ही दोघं एकाच बगने त्रासलेले उभे होतो.

आता तुम्ही म्हणाल, एवढं सगळं करण्यापेक्षा एक मोठा दिवा लावावा ना आत. इथे इतिहासातला वाईट भाग येतो. अजिंठ्याची चित्रं स्पष्ट दिसावीत म्हणून माणसांनी बरेच उद्योग केले आहेत. गिलनंतर १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन आले. त्यांत पेस्तनजी बोमनजी होते, जगन्नाथ अनंत होते. ही मंडळी १८८५ पर्यंत नकला करत होती. एकोणिसाव्या शतकातल्या या नकलांच्या काळात रंग उठून दिसावेत म्हणून भिंतींवर व्हार्निश फिरवलं गेलं. तेव्हा चित्रं झळाळली असतील, पण पुढे ते व्हार्निश पिवळं पडलं. १९२०च्या सुमाराला निजामाच्या सरकारने इटलीहून तज्ज्ञ बोलावले. त्यांनी पोपडे धरून ठेवायचं मोलाचं काम केलं, पण त्यांनी वापरलेलं लाखेचं शेलॅकही नंतर काळवंडलं. आज आपल्याला जी चित्रं अंधुक दिसतात, त्यातला काही अंधार उजेडाच्या हौसेने आलेला आहे.

नकलांचं तरी काय झालं? गिलची बहुतेक चित्रं १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेली. जेमतेम चार-पाच वाचली. ग्रिफिथ्सच्या शिष्यांच्या कामाचाही मोठा भाग १८८५ साली लंडनमध्येच आगीत जळाला. बॅकअप दोनदा घेतला आणि दोन्हीदा बॅकअपच्या सर्व्हरला आग लागली. मूळ प्रत मात्र आमच्या डोंगरात दीड हजार वर्षं आहे. गिल १८७९ साली गेला. त्याची कबर भुसावळला आहे. पप्पांनी त्याच गावात नोकरी काढली, आणि त्यांना हे मी सांगेपर्यंत माहीत नव्हतं. मलाही महिनाभरापूर्वी कुठे माहीत होतं म्हणा.

दिवे न वाढवता काम करणारी माणसंही झाली. १९०९ ते १९११ च्या दोन हिवाळ्यांत लेडी हेरिंगहॅम नकला करायला आल्या, त्यांच्याबरोबर नंदलाल बोस आणि असितकुमार हलदार होते. पुढे १९९१ साली बिनॉय बहल यांनी प्रखर दिवे न लावता, शटर बराच वेळ उघडं ठेवून ही चित्रं टिपली. मंद उजेड हळूहळू साठू दिला की रंग आपोआप वर येतात, हे त्यांच्या फोटोंनी जगाला दाखवलं. आपल्या नाशिकचे प्रसाद पवार कित्येक वर्षं कमी उजेडात अजिंठा टिपत आहेत आणि झिजलेले भाग संगणकावर अभ्यासपूर्वक भरून दाखवत आहेत. या सगळ्यांच्या कामात एक गोष्ट सारखी आहे. भिंतीवर उजेड टाकण्याऐवजी त्यांनी स्वतःचा वेळ टाकला. मी त्या दिवशी पद्मपाणीसमोर किती वेळ उभा होतो? फोटोंच्या वेळा बघितल्या. पहिला ११.४२, शेवटचा ११.४९. सात मिनिटांत चौसष्ट फोटो.

म्हणून जानेवारीच्या पहिल्या शनिवारी एकटाच परत गेलो. सकाळच्या एसटीने फर्दापूरच्या टी-पॉइंटला उतरलो, तिथून शटल बस. ऑफिसातल्या मित्राकडून ५० एमएमची एफ १.८ ची लेन्स मागून आणली होती. माझ्या जुन्या लेन्सपेक्षा जवळजवळ दहापट उजेड. पण लेण्यात शिरल्यावर कॅमेरा काढलाच नाही. एका खांबाजवळ वीस मिनिटं नुसता बसलो. आपल्या डोळ्यांना अंधाराला पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. मोबाईलही काढला नाही, नाहीतर घड्याळ पुन्हा शून्यावर. हळूहळू भिंत उघडत गेली. आधी मुकुट, मग मोत्यांची माळ, मग उजव्या हातातलं निळं कमळ. मागच्या वेळी मला कमळ दिसलंच नव्हतं!

मग कॅमेरा काढला. काय काय केलं ते मुद्दाम सांगतो, कोणाला उपयोग होईल.

पहिलं, फोकसचे सगळे पॉइंट बंद करून फक्त मधला ठेवला. बऱ्याच कॅमेऱ्यांत तोच सगळ्यात संवेदनशील असतो. फोकसला मदत करणारा समोरचा छोटा दिवासुद्धा बंद केला. तोही दिवाच.

दुसरं, चेहऱ्यावर फोकस धरायचा हट्ट सोडला. पद्मपाणीचा गाल म्हणजे सलग मऊ रंग, कॅमेऱ्याला तिथे धरायला काही नाही. मुकुटाची कड आणि काळे केस जिथे भेटतात तिथे पॉइंट ठेवला. लेन्स एकदाच 'घुं' म्हणाली आणि थांबली. मेणबत्तीची ज्योत शोधायची ती जुनी युक्ती ती हीच, फक्त ज्योत चित्रकाराने आधीच ठेवलेली होती. फोकस लॉक केला आणि मग फ्रेम नीट केली.

तिसरं, जिथे तेही जमेना तिथे मॅन्युअल. स्क्रीनवर प्रतिमा दहापट मोठी करून हाताने रिंग फिरवली, थोडी पुढे नेली, परत आणली. भिंतीला समांतर उभा राहिलो, कारण लेन्स पूर्ण उघडी असली की फोकसची जाडी अगदी कमी असते, पण चित्र सपाट असल्यामुळे तेवढी पुरते.

चौथं, कोपर अंगाशी घट्ट, दोन सेकंदांचा टायमर, आणि एका दमात तीन फोटो. त्यातला मधला बहुधा बरा निघतो. पुष्कळदा आपण ज्याला फोकसचा दोष म्हणतो तो हात हलल्याचा असतो. फरक ओळखायचा असेल तर फोटोत दुसरं काहीतरी शार्प आहे का बघा. असेल तर फोकस चुकला, सगळंच एका दिशेने फराटलं असेल तर हात हलला. धुळ्याचा फोटो पहिल्या जातीचा, अजिंठ्याचे बरेचसे दोन्ही जातींचे.

अडतीस फोटोंपैकी अकरा बरे आले. रात्री पप्पा टीव्हीच्या अगदी जवळ खुर्ची ओढून बसले. एक फोटो बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "चेहरा मोठा कर." केला. "डोळे मिटलेत की झुकलेत?"

"झुकलेत, पप्पा."

"हं. दिसतंय."

ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं. आता ते म्हणतात, फोटो ठीक आहेत, पण मला तिथे नेऊन वीस मिनिटं बसव. पुढच्या महिन्यात जायचं ठरलंय.

राहता राहिलं धुळं. भिंत दीड हजार वर्षं थांबली, आणखी महिनाभर माझ्यासाठी थांबू शकली. हळदीतली बहीण थांबत नसते. खरं सांगायचं तर तिथे गुपचूप फ्लॅश लावायला हवा होता, किंवा कोणाला तरी टॉर्च तिच्या चेहऱ्यावर धरायला सांगायला हवं होतं. तिथे उजेड टाकल्याने कोणाचं काही बिघडणार नव्हतं. मला ते सुचलं नाही. त्या रात्रीचा तिचा एकही धड फोटो माझ्याकडे नाही, आणि त्यावर आता कुठलाच उपाय नाही. मावशीने झेंडूच्या माळेचा फोटो मात्र फ्रेम करून लावलाय. म्हणते, फुलं छान आलीत.

धाकटीचं लग्न मे महिन्यात आहे. टॉर्च घेऊन जाणार आहे.